काइमानावाच्या घोड्यांना घर देताना

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यभागी वाइओउरू नावाचं लष्करी ठाणं आहे. त्याच्या सरावासाठी राखलेल्या उंच पठारावर, तांबूस गवताच्या झुबक्यांमधून, रानटी घोड्यांचे कळप फिरतात. जवळच्या डोंगररांगेवरून त्यांना काइमानावा घोडे म्हणतात. तिथला हिवाळा सुरू होण्याआधी, एप्रिल-मेच्या सुमारास, दर वर्षी किंवा वर्षाआड हेलिकॉप्टरं उडतात, कळपांना हाका घालत कोंडवाड्यांकडे वळवतात आणि ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त झालेले घोडे वेगळे काढले जातात. त्यांतले किती जगणार हे तोपर्यंत बरंचसं ठरलेलं असतं. आधीच्या काही महिन्यांत देशभरातून किती जणांनी घोडा मागितला आणि त्यांपैकी किती जणांकडे तो ठेवण्याजोगी जागा नि कुवत आहे, यावर ते अवलंबून असतं. ज्या घोड्याला घर मिळत नाही, तो कत्तलखान्यात जातो.

घोडे पकडण्याची जबाबदारी सरकारच्या निसर्गसंवर्धन विभागाची आहे. घर शोधणं, ते तपासणं, त्या घराला साजेसा घोडा निवडणं आणि पुढे अडीअडचणीला धावून जाणं ही कामं मात्र प्रामुख्याने ‘काइमानावा हेरिटेज हॉर्सेस’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक करतात, आपापले कामधंदे सांभाळून. मुक्या जनावराविषयी कळवळा असणारी माणसं सगळीकडे भेटतात. त्या कळवळ्याला कुंपण, चारा, प्रशिक्षण आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची तयारी यांची जोड कशी द्यायची, हे या माणसांकडून शिकण्यासारखं आहे.

खुरांची सवय नसलेली जमीन

माणूस पोचण्यापूर्वी न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. झाडपाला खाण्याचं काम मोआसारखे न उडणारे अवाढव्य पक्षी करत. त्यामुळे तिथल्या वनस्पतींना खुरांखाली तुडवलं जाण्याची सवयच नाही. ख्रिस्ती धर्मोपदेशक सॅम्युएल मार्सडेन यांनी डिसेंबर 1814 मध्ये या देशात पहिले घोडे उतरवले. पुढच्या काही दशकांत युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर आणखी घोडे आले आणि माओरींनीही घोडा चटकन आपलासा केला. काही घोडे निसटले, काही मुद्दाम मोकळे सोडले गेले. काइमानावाच्या परिसरात रानटी घोडे असल्याची नोंद 1876 पासून सापडते.

त्याच शतकात डोनाल्ड मॅक्लीन यांनी ‘कॉमेट’ जातीचा एक नर आणि काही घोड्या काइंगारोआच्या माळावर सोडल्या. एक्समूर आणि वेल्श तट्टांचं रक्त त्यामुळे या कळपांत मिसळलं. पुढे मेंढपाळांचे कामाचे घोडे आले. 1941 मध्ये घोड्यांना होणाऱ्या घशाच्या संसर्गजन्य रोगाची साथ पसरण्याच्या भीतीने वाइओउरूच्या घोडदळातले घोडे मोकळे केले गेले, तेही इथेच मिसळले. म्हणूनच काइमानावा घोड्यांचा रंग, उंची, बांधा एकसारखा नाही. बर्फ, वारा, निकृष्ट गवत आणि खडकाळ चढ-उतार यांतून जे टिकले, त्यांचा हा वंश आहे.

विसाव्या शतकात शेती आणि वनलागवड वाढली, शिकार झाली आणि घोडे झपाट्याने घटले. 1979 च्या मोजणीत फक्त 174 घोडे दिसले. लोकांनी आवाज उठवल्यावर 1981 मध्ये त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. त्यानंतर जे झालं ते घोड्याच्या शरीरधर्माला धरूनच होतं. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते आणि व्याल्यावर आठ-दहा दिवसांत पुन्हा माजावर येऊ शकते. न्यूझीलंडमध्ये घोड्याची शिकार करणारा एकही प्राणी नाही. संख्या वर्षाला सोळा-सतरा टक्क्यांनी वाढत गेली. या वेगाने कळप साडेचार वर्षांत दुप्पट होतो. 1994 पर्यंत घोड्यांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

आता दुसरी बाजू. याच पठारावर, विशेषतः मोआफांगो नदीच्या खोऱ्यात, दुर्मीळ वनस्पती उरल्या आहेत. त्यांतल्या काहींना दुसरीकडे आसराच नाही. घोडे त्या खातात, पाणथळ जागा तुडवतात. पठाराच्या कडेने देशाचा पहिल्या क्रमांकाचा महामार्ग जातो आणि त्यावर आलेला घोडा स्वतःच्या जिवाला नि गाडीतल्या माणसांनाही धोका ठरतो. संख्या फार वाढली की कडाक्याच्या हिवाळ्यात घोड्यांचीच उपासमार होते. वनस्पतींची बाजू घेणारे लोक घोड्यांचे वैरी नाहीत. आणलेल्या प्राण्याची जबाबदारी माणसाने घ्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे.

1996 मध्ये संवर्धन विभागाने व्यवस्थापन आराखडा केला आणि घोड्यांचं विशेष संरक्षण काढून घेण्यात आलं. हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून संख्या कमी करण्याच्या विचाराने देशभर संताप उसळला. त्या विरोधामुळे गोळीबार टळला आणि 1997 मध्ये हजाराहून अधिक घोडे जिवंत पकडून खाली आणले गेले. काहींना घरं मिळाली, पुष्कळांना मिळाली नाहीत. एका हंगामात हजार घोडे सामावून घेईल इतकी घरं कोणत्याही समाजात तयार नसतात. गोळीला विरोध करणाऱ्यांवर तेव्हापासून एक जबाबदारी येऊन पडली: घोडा मारू नका म्हणायचं, तर तो न्यायचा कुठे हेही सांगायला हवं. आज उभी असलेली स्वयंसेवकांची फळी याच जाणिवेतून घडली.

कळप कसा जगतो

घर देणाऱ्याला आधी समजून घ्यावं लागतं की तो घोड्याला कशातून बाहेर काढतो आहे. रानटी घोड्यांचा मोठा दिसणारा कळप खरं तर छोट्या-छोट्या कुटुंबांचा असतो. एका कुटुंबात काही घोड्या, त्यांची शिंगरं आणि एक नर असतो. काइमानावात काही कुटुंबांत एकाहून अधिक नर एकत्र राहताना दिसले आहेत. वयात आलेले तरुण नर बाहेर पडून आपली वेगळी टोळी करतात.

एलिसा कॅमेरॉन आणि वेन लिंकलेटर या संशोधकांनी काइमानावाच्या कळपांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या निबंधातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. नात्यात नसलेल्या घोड्यांमध्ये, म्हणजे एका कुटुंबात आलेल्या परक्या माद्यांमध्ये, घट्ट जवळीक तयार होते. ज्या मादीची अशी जवळीक अधिक, तिला नरांचा त्रास कमी होतो आणि तिची शिंगरं जगण्याचं प्रमाण जास्त असतं. एकमेकींच्या माना खाजवणं, शेजारी उभं राहणं या वरवर साध्या दिसणाऱ्या गोष्टींवर पुढच्या पिढीचं जगणं अवलंबून असतं.

त्यामुळे कोंडवाड्यात घोडे वेगळे काढले जातात तेव्हा नातीही तुटतात. हे टाळता येत नाही, पण त्याची धार कमी करता येते. म्हणूनच जाणकार स्वयंसेवक एकट्या घोड्यासाठी आलेल्या अर्जाकडे बारकाईने पाहतात. जिथे आधीपासून शांत स्वभावाचा घोडा आहे किंवा दोन घोडे एकत्र नेण्याची तयारी आहे, ते घर अधिक चांगलं. माणूस कितीही प्रेमळ असला तरी तो घोड्याला कळप वाटत नाही.

घर तपासायचं म्हणजे काय

अर्ज येतात तेव्हा उत्साह भरपूर असतो आणि माहिती थोडी. स्वयंसेवक आपापल्या भागातल्या अर्जदाराच्या जागेवर जाऊन पाहतात. कुंपण उंच आणि भक्कम आहे का? माणसाचा हातही न लागलेला घोडा पहिल्या दिवशी साध्या तारेचं कुंपण सहज ओलांडतो किंवा त्यात अडकून स्वतःला चिरून घेतो. ट्रक थेट टेकवून घोडा उतरवता येईल अशी सोय आहे का? सुरुवातीचे दिवस घोडा छोट्या, सुरक्षित आवारात ठेवावा लागतो, कारण मोठ्या कुरणात सोडलेल्या बुजऱ्या घोड्याला पुन्हा धरणं जवळपास अशक्य. घरात कोणाला घोडा शिकवण्याचा अनुभव आहे का, नसेल तर जवळपास कोणी शिकवणारा आहे का? लहान मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून कोणी शिंगरू मागत असेल, तर त्याला नम्रपणे थांबवावं लागतं.

मग जुळणी. वर्षा-दोन वर्षांची पोरं लवकर माणसाळतात, म्हणून त्यांना मागणी जास्त. वयस्क घोड्यांना, त्यातही पूर्ण वाढलेल्या नरांना, घर मिळणं सर्वांत अवघड. अशा नराला आधी खच्ची करावं लागतं, आणि वर्षानुवर्षं कुटुंब राखून आलेल्या घोड्याला माणसाची हुकमत पटकन मानवत नाही. ही समजूत बदलायला काही प्रशिक्षकांनी वयस्क नर घेऊन ठरावीक मुदतीत त्यांना शिकवण्याच्या जाहीर स्पर्धा भरवल्या. व्हिकी, केली आणि अमांडा या विल्सन भगिनींनी रानातून आणलेले घोडे माणसाळवण्याचं काम 2015 मध्ये दूरचित्रवाणी मालिकेतून घराघरांत पोचवलं. कत्तलखान्याच्या वाटेवरचा घोडा काही महिन्यांत खोगीर स्वीकारतो हे लोकांनी पाहिलं आणि या घोड्यांकडे पाहण्याची नजर बदलली.

घोडा घरी आल्यावर

घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, जवळजवळ चौफेर दिसतं आणि धोका वाटला की पळणं हा त्याचा पहिला उपाय. कोंडलेल्या जागेत पळता येत नसल्याने तो लाथ मारतो, कठड्यावर आदळतो. त्याला माणसाळवण्याची आजची प्रचलित पद्धत या स्वभावाच्या कलाने जाते. माणूस काही पावलं पुढे जातो, घोडा ताठरतो. त्याने मान वळवून पाहिलं किंवा नुसता श्वास सोडला, की माणूस लगेच मागे सरतो. दबाव आपल्या वागण्यानेच दूर होतो हे घोड्याला कळतं. मग हळूहळू हाताचा स्पर्श, तोंडावर मोहरकी, दोरीने चालणं, पाय उचलू देणं, ट्रकमध्ये चढणं. या टप्प्यांत घाई झाली तर घोडा माणसाला घाबरायला शिकतो, आणि ती शिकवण पुसायला वर्षं लागतात.

अन्नाची अडचण तर भल्याभल्यांना चकवते. पठारावरच्या राठ गवतावर वाढलेला घोडा अचानक दुभत्या गाईंसाठी पेरलेल्या हिरव्यागार, साखरेने भरलेल्या कुरणात आला, तर त्याच्या खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊ शकते. हा आजार अतिशय वेदनादायक, कधी प्राणघातक ठरतो. डोंगरातल्या खडकांवर खूर आपोआप झिजतात, मऊ जमिनीवर ते वाढत राहतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने कापावे लागतात. खूर कापायला घोड्याने पाय द्यायला हवा, म्हणून पाय उचलू देणं हा शिक्षणाचा महत्त्वाचा टप्पा. प्रेमापोटी भरपूर खायला घालणारा मालक घोड्याचं नुकसान करू शकतो, हे स्वयंसेवकांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं.

आणि मग काळ. चांगल्या देखभालीत घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. तेवढ्यात मालकाची नोकरी बदलते, शेत विकलं जातं, मुलं मोठी होतात, आजारपण येतं. ज्या घरात एकदा घोडा गेला, ते घर पुढच्या हंगामात रिकामं नसतं. घरांचा साठा असा हळूहळू संपत जातो. म्हणूनच घर बदलण्याची वेळ आली तर घोडा बाजारात न जाता संस्थेकडे कळवला जावा, तात्पुरता सांभाळ करणारी माणसं हाताशी असावीत, नव्या मालकाला जुन्या अनुभवी मालकाची सोबत मिळावी, अशी साखळी उभी करावी लागते.

पैशाचं आमिष आणि माणसांचं लक्ष

हे लक्ष किती मोलाचं आहे, ते अमेरिकेच्या अनुभवावरून कळतं. नेवाडात राहणाऱ्या वेल्मा जॉन्स्टन यांनी 1950 पासून रानटी घोड्यांच्या निर्घृण शिकारीविरुद्ध लढा दिला. शाळकरी मुलांनी पाठवलेल्या पत्रांच्या ढिगांनी त्या लढ्याला बळ दिलं. 1959 मध्ये सार्वजनिक जमिनींवर मोटारगाड्या आणि विमानांनी घोड्यांचा पाठलाग करून शिकार करण्यावर बंदी आली आणि 1971 मध्ये त्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. पण पश्चिमेच्या कोरड्या माळांवर संख्या वाढत राहिली. जास्तीचे घोडे पकडून दत्तक देण्याची योजना 1970 च्या दशकात सुरू झाली, तरी घरं पुरली नाहीत. आज साठ हजारांहून अधिक घोडे आणि गाढवं सरकारी खर्चाने कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत आहेत. योजनेच्या पैशाचा निम्म्याहून मोठा भाग त्यांच्या सांभाळावर जातो.

दत्तक देणं वाढावं म्हणून 2019 मध्ये न शिकवलेला घोडा नेणाऱ्याला सरकारने हजार डॉलर द्यायला सुरुवात केली. दत्तकाचे आकडे वाढले. मात्र 2021 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केलं की काही जणांनी घोडे घेतले, पैसे पदरात पाडले आणि घोड्याची मालकी हातात येताच ते कत्तलीसाठी खरेदी होणाऱ्या बाजारात विकले. कागदावर घर मिळालेला घोडा प्रत्यक्षात मरणाच्या रांगेत उभा होता. घेणाऱ्याच्या खिशात पैसा टाकला की घोडे लवकर हलतात, पण कुंपण कोणी पाहिलेलं नसतं आणि सहा महिन्यांनी घोडा कसा आहे हे विचारायला कोणी जात नाही. काइमानावाचे स्वयंसेवक नेमकी हीच दोन कामं करतात. अर्थात अमेरिकेतल्या घोड्यांची संख्या काही पटींनी मोठी आहे आणि तेवढा भार केवळ स्वयंसेवकांवर टाकता येणार नाही, हेही तितकंच खरं.

अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावरच्या असाटीग बेटावर मात्र गावाने हा प्रश्न आपल्या अंगावर घेतला. बेटाच्या व्हर्जिनियातल्या भागातले घोडे शेजारच्या चिंकोटीग गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचे आहेत. 1925 पासून हे दल दर जुलैत कळप पोहत खाडीपार आणतं आणि बहुतेक शिंगरांचा लिलाव करतं. मोठ्या घोड्यांची संख्या दीडशेच्या आत ठेवावी लागते. आलेला पैसा गावच्या आगी विझवायला आणि घोड्यांच्या वैद्यकीय देखभालीला जातो. मुलांच्या आवडत्या ‘मिस्टी ऑफ चिंकोटीग’ या मार्गरेट हेन्री यांच्या 1947 च्या पुस्तकाने हे घोडे जगभर नेले. प्रसिद्धीमुळे शिंगरांना गिऱ्हाईक कमी पडत नाही. ही सोय प्रत्येक कळपाच्या वाट्याला येत नाही.

जन्मच कमी झाले तर

घरं मर्यादित आणि जन्म अमर्याद असतील, तर सर्वांत निष्ठावान स्वयंसेवकही हरणार. म्हणून या क्षेत्रातल्या माणसांनी गर्भनिरोधाकडे वळणं स्वाभाविक होतं. असाटीगच्या मेरीलँडमधल्या भागात राष्ट्रीय उद्यान सेवेने 1994 पासून घोड्यांना लांबून सुईचा बाण मारून लस टोचली. ही लस डुकरिणीच्या बीजांडाच्या आवरणातल्या प्रथिनापासून बनते. घोडीच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती तिच्या स्वतःच्या बीजांडाला चिकटतात आणि शुक्राणूला शिरकाव मिळत नाही. दर वर्षी बाळंतपणाचा भार न पडल्यामुळे लस दिलेल्या घोड्या अधिक निरोगी राहिल्या आणि अधिक वर्षं जगल्या, असंही तिथे दिसून आलं.

काइमानावात 2009 मध्ये कळपाची मर्यादा पाचशेवरून तीनशेवर आणली गेली. वनस्पतींवरचा ताण कमी व्हावा आणि प्रत्येक वेळी घर शोधावे लागणारे घोडेही कमी व्हावेत, असा त्यामागे विचार होता. तरीसुद्धा तीनशे घोडे सतरा टक्क्यांनी वाढले तर दोन वर्षांत शंभराहून जास्त घोड्यांसाठी घरं लागतात. म्हणून तिथेही अलीकडे ‘गोनाकॉन’ नावाच्या लशीचा वापर सुरू झाला आहे. पुनरुत्पादनाचं चक्र सुरू करणाऱ्या मेंदूतल्या संप्रेरकाला ती रोखते. पठारावर परत सोडायच्या घोड्या कोंडवाड्यात आलेल्याच असतात, तेव्हा त्यांना ती टोचता येते. दुसरी मात्रा दिली की परिणाम काही वर्षं टिकतो. या कामातही स्वयंसेवी संस्था पुढे आहेत. इतकी वर्षं घरासाठी वणवण केल्यावर न जन्मलेल्या शिंगराची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळणार?

यावर एक आक्षेप घेतला जातो: रानात वाढलेल्या प्राण्याला लस टोचायची, पकडून खोगीर घालायचं, तर मग त्याचं स्वातंत्र्य उरलं कुठे? प्रश्न प्रामाणिक आहे. पण घोडा त्या पठारावर माणसाने नेला आणि तिथल्या गवताला शत्रू नसलेला चरणारा प्राणी माणसाने दिला. आता हात झटकून बाजूला होणं म्हणजे निर्णय न घेणं नव्हे. तसं केलं तर निर्णय उपासमार, गोळी किंवा वनस्पतींचा नाश घेईल. काइमानावाच्या स्वयंसेवकांनी यापेक्षा कष्टाचा मार्ग पत्करला. थोडे घोडे डोंगरात निरोगी ठेवायचे, जास्तीचे जन्म आधीच रोखायचे आणि तरीही जो घोडा खाली येईल त्याच्या मागे जबाबदार माणूस उभा करायचा. या तिन्हींतला एकही दुवा तुटला तर उरलेले दोन पुरे पडत नाहीत.

अशा कामाला दर हंगामात उसळणाऱ्या भावनेपेक्षा दर महिन्याला येणारी मदत जास्त लागते: लशीचे पैसे, तात्पुरत्या सांभाळासाठी दोन एकर जमीन, ट्रक चालवायला तयार असलेला हात, नव्या मालकाचा फोन रात्री उचलणारा अनुभवी माणूस. यांतलं काहीही छायाचित्रात दिसत नाही. एखाद्या समाजाने आपल्या मोकाट प्राण्यांवर खरंच माया केली की नाही, हे याच न दिसणाऱ्या गोष्टींवरून जोखावं, असं मला मनापासून वाटतं.